संध्याचा बोर्ड आणि अकोल्याचा पारा

मे महिन्यात अकोल्यात कोणाच्याही घरी जा, बोलण्याची सुरुवात पाऱ्यानं होते. कसे आहात, पोरं काय करतात, हे सगळं मागाहून. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो की मयतीला आलेला, घाम पुसत पहिलं वाक्य तेच: आज किती? आणि त्यात तक्रार कमी, ऐट जास्त. पुण्यातल्या माणसाला अडतिसातच भोवळ येते हे सांगताना अकोलेकराची मान जशी ताठ होते, तशी पोरगा पहिला आल्यावरही होत नाही.

संध्या गावंडेच्या घरी हे खातं तिच्या सासऱ्यांकडे होतं. जुन्या शहरातल्या त्या घरात पेपर आला की किसनराव पुढारी आणि निधनवार्ता बाजूला सारून आधी तापमानाची चौकट पाहत. अकोला विदर्भात पहिला असला की चहा गोड लागायचा. चंद्रपूर पुढे गेलं की दिवस वाया.

"पॉइंट दोननं हारलो," ते सुनेला सांगत. "त्याईनं यंत्र भट्टीपाशी ठेवलं असन."

"असन, मामाजी," म्हणून संध्या कूलरमध्ये पाणी ओतायची.

संध्या मूळची नांदगाव खंडेश्वरची. माहेरी काळी जमीन, कपाशी आणि तूर. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकली आणि लग्न होऊन अकोल्यात आली. नवरा देवमन पातूरच्या शाळेत गणित शिकवतो, सकाळच्या एसटीनं जातो आणि संध्याकाळच्या एसटीनं येतो. संध्याची नोकरी पुण्याच्या एका छोट्या कंपनीत, पण बसणं घरातच, कूलरच्या झोतापासून हातभर लांब. वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या, दोघी-तिघी तर परदेशात. ही इथंच राहिली. लग्नकार्यात कोणी "घरीच असतेस का?" असं विचारलं की ती "हो, घरीच," म्हणून मोकळी व्हायची. विचारणारीला काय कळणार होतं!

घरी राहून ती काय करते, हे तिनं सासऱ्यांना एकदा नीट समजावलं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. सगळी कामं त्याच्या हातून होतात. तो नेमका काय करतोय हे पाहायचं असेल, तर त्याच्या वाटेवर एक नाका बसवायचा आणि येणारं-जाणारं टिपायचं. याला ट्रेसिंग म्हणतात. तो नाका खरंच बसला का, खरं तेच टिपतो का, आणि त्याच्या पायी कारभाऱ्याचं काम तर अडत नाही ना, हे बघायला चाचण्या असतात. त्या चाचण्या सगळ्या प्रकारच्या यंत्रांवर चालल्या पाहिजेत, हे संध्याचं काम.

"म्हंजे नाकेदारावर नाकेदार," किसनराव म्हणाले.

"बरोबर बोलले."

अडचण अशी की प्रोसेसरच्या जाती अनेक. लॅपटॉपात एक, फोनात दुसरी, आणि रिस्क-फाइव्ह नावाची तिसरी अलीकडे आलेली. चाचण्या लिहिणाऱ्यांनी त्या आपापल्या लॅपटॉपवर बसून लिहिल्या आणि लॅपटॉपच्या सवयी म्हणजे जगाचा नियम धरला. नणंदेच्या स्वयंपाकघरात शिरावं, तिसऱ्या डब्यात मीठ सापडू नये, आणि या घरात मीठच नाही असं ओरडत बाहेर यावं, तशातली गत. मीठ असायचं, पण पाचव्या डब्यात. नव्या प्रोसेसरवर चाचण्या धडाधड पडायच्या आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी. संध्यानं एकेक चाचणी हातात घेतली, तिला डब्याचा नंबर विसरायला लावलं आणि मीठ मागायला शिकवलं. पूर्वी एकाच जातीवर चालणारी चाचणी तिच्या हाताखालून गेली की तिन्ही जातींवर चालायची.

या धंद्यात एक पळवाट कायम उघडी असते. चाचणी एखाद्या प्रोसेसरवर पडत असेल, तर तिच्या डोक्यावर 'लागू नाही' असं लिहून टाकायचं. मग ती तिथं चालतही नाही आणि पडतही नाही, सगळे खूश. संध्याला त्या दोन शब्दांची चीड होती. "पेपरच देला नाई तं नापास कसा होईन?" असं ती म्हणायची.

एप्रिलात कंपनीनं तिला रिस्क-फाइव्हचा नवा बोर्ड पाठवला. तळहाताएवढा कॉम्प्युटरच तो, उघडा, हिरवा. दूध संकलन केंद्रांवरच्या काट्यांमध्ये कंपनी तो बसवणार होती. संध्यानं त्यावर चाचण्यांची पूर्ण माळ लावली. सगळ्या पार पडल्या, एक सोडून. ती चाचणी अशी की यंत्रावर कामाचा डोंगर लादायचा आणि त्या गर्दीत नाका सारखा बसवायचा, काढायचा, बसवायचा, काढायचा. बोर्ड तासन्‌तास बिनतक्रार चालायचा आणि मग एका क्षणी दगड व्हायचा. पडद्यावरची अक्षरं जिथल्या तिथं गोठायची.

ही चाचणी ती दुपारी लावायची. सकाळी स्वयंपाक आणि ऑफिसच्या बैठका. जेवणं झाली, अख्खं जुनं शहर दारं लावून आडवं झालं, की बोर्डाला तीन-चार तास कोणाचा धक्का लागण्याची भीती नसे. म्हणून तो पडायचाही दुपारीच. पण पडण्याची जागा दर वेळी तीच, कर्नेलच्या वाटेवरची तीच पायरी, हे संध्यानं पहिल्या आठवड्यातच हेरलं. दोष बोर्डाचा नाही, तिच्या चाचणीचाही नाही. दोष खुद्द कारभाऱ्यात आहे, आणि चाचणीनं त्याला रंगेहाथ पकडलंय, याची तिला खात्री पटली.

तिनं अहवाल लिहिला. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमचा हा कारभारी, ती जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि या चाचण्यांची जबाबदारी उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातल्या एका गृहस्थांकडे. संध्यानं सगळं व्यवस्थित मांडलं: पडण्याची जागा, पुरावा, संशय. पण लिहायला बसली तो मे महिना होता आणि बसणारी अकोल्याची होती. हात आपसूक चालला आणि पहिली ओळ उतरली, "आज आमच्या अकोल्यात सेहेचाळीस. बोर्ड तग धरून आहे, मीही."

झालं! घात केला त्या ओळीनं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सभ्य आणि तोकडं. सेहेचाळीस अंशांत कुठल्याच बोर्डाची साक्ष धरता येणार नाही. तापमान आटोक्यात असलेल्या जागी पुन्हा करून पाहावं. नवी आवृत्ती पंधरवड्यात निघायची आहे, तोवर ही चाचणी रिस्क-फाइव्हला 'लागू नाही' करत आहोत. पुढच्या ओळी त्या भल्या माणसानं वाचल्या होत्या की नाही, कोण जाणे.

तासाभरात पुण्याहून ईशानचा फोन आला. हा तिच्या टीमचा प्रमुख. अमरावतीचाच, एका वकिलाचा मुलगा, कॉलेजात तिच्याच वर्गात. आता बोलणं इतकं धुतलेलं की घरी आईशी तरी कसा बोलत असेल, असा संध्याला प्रश्न पडायचा.

"संध्या, अहवालात पारा कशाला लिहिलास?"

"कावून? खरा होता म्हनून."

"अगं, सगळे फेल बारा ते चारमध्ये आहेत. आपल्या ऑफिसमधला बोर्ड एसीत आहे, तो एकदाही पडला नाही. कोणीही म्हणेल की हे उन्हामुळे होतंय."

"तुमी तो पाच मिनिटं चालवता. मी चार तास चालवते. चार तास लावून पाह्य नं एकडाव."

"तो एकच बोर्ड आहे, दहा जण रांगेत आहेत. तू तिथेच एसीत लाव ना."

"व्होल्टेज पडते इथं, दुपारी बी अन् रात्री बी. एसी नुसता गुरगुरते. अन् ईशान, पडाची जागा एकच हाये, थे वाचलं का कोनी?"

"उन्हानं तेवढीच जागा नरम पडत असेल, असं ते म्हणतील." ईशान थांबला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, "माझा तुझ्यावर विश्वास आहे गं. पण माझा असून काय उपयोग?"

फोन ठेवला आणि संध्याचे डोळे भरून आले. रागानंच. चाचणीवर 'लागू नाही' पडलं की संपलं. कारभाऱ्यातला दोष झाकला जाणार, नव्या आवृत्तीबरोबर जगभर जाणार, आणि कुठल्या तरी गावात ऐन दूध घालायच्या वेळी काटा दगड होऊन बसणार. आणि इतकी वर्षं एकेका चाचणीला माणसात आणणाऱ्या बाईचा शब्द? तो उन्हात वितळला म्हणायचा. स्वस्तातला बोर्ड, अकोल्याची बाई आणि मे महिना, एवढ्यावर निकाल लागला होता.

किसनराव दारात उभे होते. सून सहसा डोळ्यांत पाणी आणणारी नव्हती, म्हणून त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांना एवढंच कळलं की परदेशातला एक माणूस सगळा दोष अकोल्याच्या उन्हावर टाकून मोकळा झालाय. म्हातारा पेटला.

"आपल्या उनावर आळ? ऊन का आज पडून राहिलं? साठ वर्सं झाले मी पाऊन राहिलो, मी कोठी बंद पडलो?"

"त्याईले थंड जागा पायजे, मामाजी."

"थंडच पायजे नं? मंग तुया भाऊ कोठी कामाले हाये?"

संध्या त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचा धाकटा भाऊ किशोर अमरावतीच्या बाहेर एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिनं लगेच फोन लावला.

"ताई, अंदर आमी चिंच ठेवतो. मिरची ठेवतो. कॉम्प्युटर नाई ठेवला कधी," किशोर म्हणाला.

"किती गार हाये अंदर?"

"चार. कायले?"

चार अंश! वाद मिटवायला वीस-बावीसही पुरले असते. पण संध्याला आता असा गारठा हवा होता की पुन्हा कोणाची तोंड उघडायची टाप होऊ नये. वऱ्हाडी माणसाला एकदा खाज सुटली की तो अर्ध्यावर थांबत नाही. किशोरनं मालकाला विचारलं, मालक हसला आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत दोघं बसली. किसनरावांना घरी राहा म्हणण्याची सोयच नव्हती, अब्रूचा प्रश्न होता. संध्याच्या मांडीवर बोर्डाचा डबा, सासऱ्यांच्या पिशवीत स्वेटर, शाल आणि कानटोपी. बडनेऱ्याला उतरणाऱ्या एका बाईनं ती कानटोपी पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

कोल्ड स्टोरेजच्या आत शिरताच चिंचेचा आंबूस वास नाकात बसला. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत. किशोरनं बहिणीला हमालांचा जाड कोट दिला आणि बजावलं, "दरवाजा उघडा नाई ठेवाचा, ताई. अन् बोर्ड बाहीर काढतानी मले इचारजो. उघडा नेशीन तं बाहीरच्या गरमीत घाम फुटीन त्याले, भिजून मरीन."

संध्यानं चिंचेच्या पोत्यावर बोर्ड मांडला, शेजारी लॅपटॉप. तेच ओझं, तीच चाचणी, तेच बसवणं-काढणं. एका अक्षराचा फरक केला नाही. सुरू करून ती बाहेर मशीनच्या खोलीत येऊन बसली. किसनराव एकदा हौसेनं आत जाऊन आले, आणि आले ते दात वाजवत. "बाप्पा! हे का माणसाची जागा हाये?" म्हणत बाहेरच्या उन्हात जाऊन उभे राहिले, आणि उन्हात त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग वाट पाहणं. दर थोड्या वेळानं संध्या कोट चढवून आत जायची, पडदा पाहायची, बाहेर यायची. चाचणी चालू होती. डब्यातल्या भाकरी खाल्ल्या, तरी चालू. दुपार कलायला लागली, तरी चालूच.

"चालू हाये का?" किशोर विचारायचा.

"हो, चालूच हाये," ती रडवेल्या तोंडानं म्हणायची.

"मंग चांगलंच हाये नं!"

त्याला काय सांगावं! आयुष्यभर यंत्रं पडू नयेत म्हणून झटलेली ही बाई आज मनात धावा करत होती, पड रे बाबा, एकदा पड. कारण आता खरी भीती शिरली होती. नाहीच पडला तर? तर ते बरोबर होते. ऊनच दोषी होतं, आणि तिला दिसलेली ती पायरी, तो दोष, सगळं मनाचे खेळ. मग उद्यापासून आपल्या डोळ्यांना जे दिसतं त्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

पुन्हा ती आत गेली. दिवे मंद होते. पडद्यावरची अक्षरं हलत नव्हती. तिनं कळ दाबली, काही नाही. वाकून शेवटची ओळ वाचली. तीच पायरी! अकोल्यात सेहेचाळीस अंशांत जिथं पडायचा, तिथंच, चार अंशांत, चिंचेच्या पोत्यावर.

"पडला! मामाजी, पडला!"

तिची किंकाळी ऐकून हमाल धावत आले. त्यांना वाटलं, थप्पी कोसळली आणि ताई खाली सापडली. पाहतात तर ताई कोट घालून पोत्यांमध्ये उड्या मारतेय आणि बंद पडलेल्या यंत्राकडे बघून हसतेय. किसनराव दारात आले, सुनेचा चेहरा पाहिला आणि हमालांना दिमाखात म्हणाले, "नापास झाला. आता समजन त्याईले!" नापास झाल्याचा एवढा आनंद त्या कोल्ड स्टोरेजनं कधी पाहिला नसेल.

तिनं पडद्याचा फोटो घेतला. भिंतीवरच्या तापमानाच्या काट्याचाही घेतला. किशोरनं बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, तसाच बाहेर आणला आणि गारवा उतरेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. तोवर संध्यानं ईशानला फोन लावला.

"चार डिग्रीत पडला. जागा थेच."

आणि पलीकडे पुण्यात इतकी वर्षं घासून घासून लख्ख केलेली जीभ घसरली. "काय सांगून राहिली बे!" ईशान ओरडला. संध्याला त्या दिवसात सगळ्यात जास्त हसू कशाचं आलं असेल, तर याचं.

नवा अहवाल तिनं तिथंच, मशीनच्या खोलीत बसून लिहिला. पहिली ओळ पुन्हा तापमानाचीच, मुद्दाम: "अमरावती, चिंचेचं कोल्ड स्टोरेज, चार अंश." खाली फोटो. मग कारण, अगदी सोपं करून. नाका बसवायचा म्हणजे वाटेवर 'इकडे वळा' अशी पाटी लावायची. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ती पाटी एकाच फळीत मावते. रिस्क-फाइव्हवर तिला दोन फळ्या लागतात. कारभाऱ्याचे हात अनेक. एक हात पहिली फळी ठोकून दुसरी उचलतोय, तेवढ्यात दुसरा हात त्याच वाटेनं भरधाव येतो, अर्धी पाटी वाचतो आणि खड्ड्यात जातो. असा योग क्वचितच जुळतो, म्हणून पाच मिनिटांत दिसत नाही, चार तासांत दिसतो. ऊन असो की बर्फ, त्याचा काही संबंध नाही.

त्या रात्री दोघं अकोल्याला परतली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि या वेळी ते लांबलचक होतं. त्या गृहस्थांनी अहवाल दोनदा वाचला होता. पहिल्या वेळी आपण पहिल्या ओळीवरच अडलो, हे त्यांनी सरळ कबूल केलं. 'लागू नाही' मागे घेतलं. रिस्क-फाइव्हची बाजू सांभाळणारी मंडळी कामाला लागली, आणि दोन्ही फळ्या जागेवर बसेपर्यंत त्या वाटेनं कोणी जाणार नाही अशी तजवीज त्यांनी केली. दुरुस्ती तयार झाल्यावर त्यांचा एकच निरोप होता: ही अकोल्यात चालवून पाहाल का? दुपारी?

संध्यानं चालवली. सेहेचाळीस अंशांत, दारं लावून झोपलेल्या जुन्या शहरात, नेहमीच्या चार तासांच्याही पुढं, पार दिवेलागणीपर्यंत. बोर्ड हलला नाही. दुरुस्तीच्या नोंदीत तिचं नाव चढलं, आणि तिनं आग्रह धरला म्हणून नावापुढे गावही: संध्या गावंडे, अकोला. देवमननं ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि किसनरावांनी ती पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. "घरीच असतेस का?" असं विचारणाऱ्या एका पाहुणीला त्यांनी सुनेला बोलू न देता ती वाचून दाखवली. पाहुणीला काही कळलं नाही, पण म्हाताऱ्याचा रुबाब कळला.

यंदा पुन्हा मे आला. नवी आवृत्ती निघायच्या आधी त्या बर्फाळ देशातून संध्याला निरोप आला. कामाचं सगळं खाली होतं. पहिली ओळ अशी होती: "आमच्याकडे आज नऊ. अकोल्यात किती? तुमच्याकडे पास झाली की मगच सोडतो."

संध्यानं ती ओळ सासऱ्यांना मराठीत सांगितली. किसनराव पेपर घेऊन बसले होते, चौकट नुकतीच पाहिली होती. त्या दिवशी चंद्रपूर पॉइंट तीननं पुढे होतं. तिला वाटलं, आता दिवस वाया. पण म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली, चहाचा घोट घेतला आणि समाधानानं मान हलवली.

"जाऊ दे वो," ते म्हणाले. "चंद्रपूरच्यापाशी बोर्ड हाये का?"